मजुरीचा रकाना

पर्वतीकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. पुढचं चाक त्यावरून उतरतं, मागचं चढतं न चढतं तोच माझी स्कूटर बंद पडते. गेले तीन आठवडे हेच चाललंय. सपाट रस्त्यावर गाडी गुणी मुलासारखी पळते. खड्डा आला की मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं आणि इंजिन मान टाकतं. पुण्यात राहून खड्डे टाळायचे, तर गाडी घरीच लावलेली बरी. अण्णांच्या गॅरेजपर्यंतचं उरलेलं अंतर मी ती ढकलत नेतो.

सव्वानऊ वाजलेत. अण्णांनी शटर वर केलंय, पण कामाला अजून हात लावलेला नाही. आधी उदबत्ती. कंप्रेसरच्या टाकीवर खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार नोव्हेंबर लागला तरी तसाच आहे, वाळून काळा पडलेला. त्याच्या वर भिंतीला फळी. फळीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ रंगवलेली. रात्री शटर ओढताना कुठला पाना जागेवर नाही, हे रेघेवरून कळावं म्हणून. आज दहा-अकराच्या जागी नुसती रेघ आहे.

"परत बंद?" अण्णा विचारतात. गाडीकडे बघतही नाहीत, माझ्या घामाकडे बघून त्यांना कळलेलं असतं.

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा कागद पुढे करतो. तिथे गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि अंदाजपत्रक हातात दिलं : थ्रॉटल बॉडी असेंब्ली बदलावी लागेल, आठ हजार सहाशे रुपये, मजुरी वेगळी. गाडी २०२१ सालची, वॉरंटी संपलेली. असेंब्लीतलं नेमकं काय बिघडलंय, असं मी विचारलं होतं. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. "सर, ती पूर्णच येते," एवढंच म्हणाला.

अण्णा कागद वाचतात, घडी घालतात, परत देतात. "बघू. पोरगं येऊ द्या."

पोरगं म्हणजे त्यांचा पुतण्या. औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलाय. अण्णा स्वतः १९८८ साली करमाळ्याहून आले, चौदाव्या वर्षी. त्यांचा कोर्स म्हणजे उस्तादाचा चहा आणणं, रॉकेलमध्ये पार्ट धुणं आणि चुकीचा पाना दिला की टपली खाणं. अशी तीन वर्षं गेल्यावर पहिल्यांदा कार्बोरेटर उघडायला मिळाला, असं ते सांगतात. सांगताना अजून खूश होतात.

बसायला शेडमध्ये दोन आसनं आहेत, एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक जुना टायर. खुर्चीवर आधीच एक जण बसलाय, म्हणून मी टायरवर टेकतो. त्याची मोटरसायकल काल तयार झाली, आज तो बिल द्यायला आलाय. अण्णांचं बिलबुक साधं, दोन रकान्यांचं. डावीकडे सामान, उजवीकडे मजुरी. सामानात क्लच प्लेटचा सेट, गॅस्केट, एक लिटर ऑइल मिळून चौदाशे ऐंशी. मजुरी साडेचारशे.

तो माणूस डावा रकाना नुसता नजरेखालून घालतो. बोट उजव्या रकान्यावर थांबतं. "साडेचारशे कसले हो? तासाभराचं तर काम."

"क्लच कव्हर काढलंय, जुनं गॅस्केट खरवडलंय..."

"तरी पण." त्यानं खिशातून फोन काढलाय. "आणि हा प्लेटचा सेट बघा, इथं नव्वद रुपयांनी स्वस्त आहे. पुढच्या वेळी सामान मीच मागवतो. तुम्ही फक्त बसवून द्या."

"फक्त बसवून" हे शब्द अण्णांना लागतात. ते खाली बघतात, साडेचारशेवर काट मारतात, साडेतीनशे लिहितात. माणूस पैसे देऊन जातो. जाताना हसून "बरंय अण्णा" म्हणतो. भांडण झालंय असं दोघांनाही वाटत नाही. हे रोजचं आहे.

मी खुर्चीवर सरकतो.

"सामानावर कुणी बोलत नाही साहेब," अण्णा म्हणतात. "डब्यावर किंमत छापलेली असते. मजुरी कुठं छापलेली असते?"

गॅरेजचा सगळा हिशोब या वाक्यात आहे. दुकानदार मेकॅनिकला छापील किमतीवर सूट देतो, गिऱ्हाईक छापील किंमत मोजतं आणि त्या दोन किमतींमधल्या फटीत शेडचं भाडं, पोराचा पगार, वीज, घरचं सगळं बसतं. मजुरी नावाला, पोट सामानावर. वर्षानुवर्षं हे चाललं, कारण फट दिसत नव्हती. आता ती गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर दिसते.

मजुरीवर घासाघीस करायची सवय आम्हाला लागली कुठून? माझे वडील चेतक चालवायचे. आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारी. त्यांच्या डिकीत प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असे. प्लग काढायचा, काजळी घासायची, फुंकर मारायची, गाडी एका बाजूला कलवून परत सरळ करायची, किक मारायची. गाडीचा मालक हा अर्धा मेकॅनिक होता. म्हणून मेकॅनिकनं तेच केलं की तो मनात म्हणायचा, हे तर मीही केलं असतं, याचे कसले पैसे? तो अर्धा मेकॅनिक आता कुठल्याच घरात नाही. माझ्या स्कूटरचा प्लग कुठे असतो हे मला सांगता येणार नाही. घासाघीस मात्र वारशानं आली.

दहाला पुतण्या येतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एक काळी पेटी. तो माझी गाडी डबल स्टँडला लावून सीट उघडतो न उघडतो, तोच दारात आवाज न करता एक इलेक्ट्रिक स्कूटर येऊन थांबते. मागे डिलिव्हरीची चौकोनी पिशवी. "अण्णा, मागचा ब्रेक लय किरकिरतोय."

हा मुलगा दसऱ्यापर्यंत याच शेडमध्ये होता. इथे दीड वर्ष काढलं आणि गाडी पकडली. पकडली म्हणजे भाड्यानं घेतली, आठवड्याच्या हप्त्यानं. अण्णा त्याला दोन शब्द सुनावतील असं मला वाटतं. ते विचारतात, "जेवतोस का वेळेवर?"

"जेवणच पोचवतो, अण्णा."

पुतण्या चाक काढतो. ब्रेक शू पार झिजलेत. मी त्या मुलाला विचारतो, हे काम का सोडलंस? तो सरळ सांगतो, "इथं शिकायला दोन-तीन वर्षं जाणार. तोपर्यंत हातखर्च. तिथं दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात." उन्हातान्हात हिंडावं लागतं, पाठ जाते, उशीर झाला तर शिव्या पडतात, हेही तोच सांगतो. तरी हात काळे होत नाहीत आणि लग्नाच्या बैठकीत 'कंपनीत आहे' म्हणता येतं.

अण्णा त्या स्कूटरभोवती एक फेरी मारतात. "यात ऑइल नाही. प्लग नाही. एअर फिल्टर नाही, क्लच नाही, इंजेक्टर नाही, सायलेन्सर नाही." मग भिंतीवरच्या मांडणीकडे बोट. "मोजा साहेब, यातल्या किती डब्यांना हिच्यात काम आहे."

मी खरंच मोजतो. सव्वीस खोकी आणि डबे. ब्रेक शू, बेअरिंग, बल्ब, ग्रीस, नट-बोल्टचा डबा. पाच.

"ऑइल बदलणं ही आमची रोजची भाकरी," अण्णा म्हणतात. "बाकीचं सगळं कालवण." पुतण्या नुकत्याच उघडलेल्या ऑइलच्या डब्याच्या झाकणाखालचा चौकोनी कोड फोननं स्कॅन करतोय. कंपनी मेकॅनिकला पॉइंट देते, पॉइंट साठले की मिक्सर नाहीतर पंखा. घरातला मिक्सर असाच आलाय. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरीला किंवा कंट्रोलरला हे लोक हात लावत नाहीत. तिथलं सॉफ्टवेअर कुलूपबंद आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

ब्रेक शू या मॉडेलचे शेडमध्ये नाहीत. मुलगा डिकी उघडतो, कागदपत्रं चाळायला. तिथे कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला दहा-अकराचा पाना पडलाय. अण्णांना दिसतो, मला दिसतो. मुलगा पटकन डिकी बंद करतो. अण्णा दुसरीकडे बघत म्हणतात, "चला साहेब, मला तसंही नाना पेठेत जायचंय. तोवर हा तुमच्या गाडीचं बघेल."

स्वारगेट, मग शंकरशेठ रस्ता, सेव्हन लव्हज चौकातून आत भवानी पेठेचे लाकडाचे ढीग आणि पुढे नाना पेठ. नाना फडणविसांच्या नावाच्या या पेठेत आज दुचाकीचं काय मिळत नाही? रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं आणि दुकानांच्या कपाळावर माळा : आरसे, चेन, सीट कव्हर, हेल्मेट, लेग गार्ड. कुणी हॉर्न लावून बघतोय, कुणी सायलेन्सर. माणसं फुटपाथवरच गाडीचं कव्हर उतरवून बसलीत.

एका टपरीवजा दुकानाशी अण्णा गाडी लावतात. इथला दुकानदार पूर्वी नंबरप्लेट रंगवायचा. ४१४१ असा नंबर असला की त्यातून असा झोकदार 'दादा' काढायचा की पोलिसालाही हसू यावं. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्या सुरक्षा नंबरप्लेट लावूनच येतात आणि आता जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. कुंचले अजून डब्यात उभे आहेत. समोर तो मोबाइल अडकवायचे स्टँड विकतोय.

अण्णांचं नेहमीचं दुकान आतल्या अंगाला आहे. काउंटर लांबलचक, मागे छतापर्यंत खोकी, खोक्यांवर आकडे. शेठ मान वर न करता विचारतात, "पार्ट नंबर?"

पूर्वी नाव सांगितलं की पुरायचं. एका कंपनीचा ब्रेक शू तिच्या तीन-चार गाड्यांना बसायचा, तोही पाच-सहा वर्षं. आता तीच गाडी, पण धुराच्या नियमांप्रमाणे बीएस-चार वेगळी, बीएस-सहा वेगळी. ड्रमची वेगळी, डिस्कची वेगळी. दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय आली तेव्हा केबल बदलली, लिव्हर बदलला. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा लागू झालं आणि एका रात्रीत कार्बोरेटरचे जेट, फ्लोट, सुया या सगळ्या खोक्यांचं म्हातारपण सुरू झालं, असं शेठ सांगतात. गोदाम दुप्पट झालं, विक्री दुप्पट झाली नाही. मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, "ती वरची रांग बघा. तिथं माझ्या मुलीच्या शिक्षणाची एक टर्म पडून आहे."

ते काउंटरवर तीन खोकी मांडतात, तिन्हींत एकाच स्कूटरचे ब्रेक शू. पहिलं गाडीच्या कंपनीच्या छापाचं, सगळ्यांत महाग. दुसरं ज्या कारखान्यानं कंपनीला माल पुरवला त्याच्या स्वतःच्या नावाचं. तिसऱ्यावर परदेशी वाटेल असं नाव, किंमत पहिल्याच्या निम्म्याखाली. अण्णा दुसरं उघडतात. अस्तर आणि ॲल्युमिनियम यांच्यामधली चिकटवलेली रेघ उजेडात फिरवून बघतात. ती सगळीकडे सारखी असेल तर माल बरा.

"आणि हे?" मी पहिल्या खोक्याच्या शेजारी ठेवलेलं चौथं, अगदी तसंच खोकं दाखवतो.

शेठ हसतात. "ते विकायला नाही, दाखवायला आहे." नक्कल आहे. छाप तोच, रंग तोच, चकाकणारं स्टिकरसुद्धा आहे. फक्त अक्षरांच्या कडा थोड्या फुगलेल्या. दिल्लीहून आलेल्या एका गठ्ठ्यात निघालं. नकली आरशानं फार तर धूसर दिसेल. नकली ब्रेक शूचं अस्तर उतारावर सुटलं तर?

"स्वस्त झालंय म्हणे सगळं," मी विषय काढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. दुचाकीचे पार्ट त्याआधी २८ टक्क्यांत होते.

"गिऱ्हाईक खूश आहे. पण माझ्या गोदामातला माल २८ भरून घेतलेला, आणि आता विकताना १८ लावायचे."

"मधले दहा टक्के?"

"क्रेडिटमध्ये आहेत. कॉम्प्युटरवर दिसतात." ते स्क्रीन माझ्याकडे वळवतात. आकडा मोठा आहे. "दिसतात छान. पण यानं पोराचा पगार देता येत नाही."

तरी दर उतरला हे बरंच झालं, असं त्यांचं मत. करातला फरक जितका मोठा, तितका बिनबिलाचा माल जास्त. आता पक्कं बिल घेणं मेकॅनिकलाही फार जड जात नाही. काळजी वेगळीच आहे. गॅरेजवाल्यांना थेट शेडमध्ये माल पोचवणारी ॲप निघालीत. सकाळी मागवा, दुपारी हजर. शेठच्या दोन पिढ्यांचं भांडवल म्हणजे कुठल्या गाडीला काय बसतं याची तोंडपाठ यादी. ती यादी आता फोनमध्ये आली. फक्त एक गोष्ट अजून फोनमध्ये नाही. अण्णा खिशाकडे हात नेत नाहीत. शेठ लाल वही काढून आजची रक्कम मागच्या रकमेखाली लिहितात. "दिवाळीची बाकी राहिलीय," एवढंच म्हणतात.

परतताना अण्णा मागच्या गल्लीत एका दारात डोकावतात. आत बोअरिंगचं यंत्र, अंगावर गोणपाट. एके काळी इथे दारात इंजिनांचे ब्लॉक रांगेनं पडलेले असायचे. पिस्टन झिजला की सिलिंडर पाव मिलिमीटरनं मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. मग अर्ध्या, पाऊण, एका मिलिमीटरनं. असे चार जन्म एका इंजिनाला मिळत. आता पिस्टनसकट नवा ब्लॉक खोक्यात तयार मिळतो. यंत्राशेजारचा म्हातारा कारागीर अण्णांना विचारतो, "काही आणलंस?" नुसतंच भेटायला आलोय, असं अण्णा म्हणतात. खोटं नाही ते.

सेव्हन लव्हज चौकात सिग्नल लांबतो. मागे बसून मी मनाशी बेरीज-वजाबाकी करतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या देशभरच्या कारखान्यांच्या संघटनेनं, ॲक्मानं, २०२३-२४ ची उलाढाल ६ लाख १४ हजार कोटी रुपये सांगितली होती. त्यातला दुरुस्तीच्या बाजारात जाणारा माल सुमारे ९४ हजार कोटींचा. चाकण, भोसरी, पिंपरीतल्या किती कारखान्यांचे भोंगे या आकड्यात आहेत. एवढा सगळा माल शेवटी कुणीतरी पाना फिरवून बसवतो, त्या फिरवण्याची बेरीज कुठे होते?

आणि पाना फिरवायला गाडी उघडता आली पाहिजे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं, माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. अण्णांनी यातलं काही ऐकलेलं नाही. त्यांच्यापुरता हा प्रश्न पुतण्याच्या सॅकमध्ये असतो.

शेडमध्ये पोचतो तेव्हा ती काळी पेटी उघडी आहे. आत पुस्तकाएवढा स्कॅनर. अठरा हजारांना घेतला, हप्ते चालू आहेत, आणि दर वर्षी अपडेटचे पैसे निराळे. काही कंपन्यांच्या गाड्या तो वाचतो, काहींच्या अर्ध्याच. माझ्या सीटखाली रबरी टोपीनं झाकलेलं एक कनेक्टर आहे हे मला आज कळतं. त्याला वायर जोडलीय आणि पडद्यावर अक्षरं आलीत : पी ०१२२.

"थ्रॉटलच्या सेन्सरचा व्होल्टेज कमी येतोय," पुतण्या सांगतो. "सर्व्हिस सेंटरला पण हाच कोड दिसला असणार. त्यांनी असेंब्ली लिहून दिली."

"म्हणजे सेन्सर गेला?"

"कोड कुठं दुखतं ते सांगतो, काका. का दुखतं ते नाही."

तो चालू आकडा दाखवतो. ०.५८ व्होल्ट. स्थिर. तो कनेक्टर हलवतो, आकडा हलत नाही. कनेक्टर काढतो, स्प्रे मारतो, परत लावतो. ०.५८. मूठ पिळतो, आकडा गुळगुळीत चढतो आणि उतरतो. "सेन्सर ठणठणीत आहे," तो म्हणतो आणि तिथे अडतो.

अण्णा नव्या ब्रेक शूचं खोकं मांडणीत ठेवतात. "खड्ड्यात बंद पडते म्हणालात ना? स्टँड काढ रे. साहेब, बसा."

मी बसतो. ०.५८.

"धपकन बसा. खड्ड्यात बसता तसे."

मी उठून धपकन बसतो. ०.००. पिवळं चित्र पेटतं.

"परत."

परत शून्य. पुतण्याचे डोळे चमकतात. "वजन किती, काका?"

"ब्याऐंशी."

"तरीच." समोर रस्त्यावर थांबलेले दोघे हसतात. मी सात-आठ वेळा उठबस करतो. इतका कामाचा मी बऱ्याच दिवसांत कुणाला ठरलो नव्हतो.

अण्णा खाली बसून समजावतात. मोटरसायकलचं इंजिन सांगाड्याला घट्ट बांधलेलं असतं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासकट झोक्यासारखं वरखाली होतं. सेन्सरच्या वायरी सांगाड्याकडून इंजिनाकडे येतात, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात त्या एकाच जागी वाकतात. चार वर्षं, पुण्याचे रस्ते. ते काळं आवरण चिरतात, आतल्या वायरी एकेक करून अंगठ्याच्या नखाखालून ओढत नेतात. तिसरी वायर मधेच रबरासारखी ताणली जाते.

"ही बघा. कातडं शाबूत, आतलं तांबं तुटलंय. तुम्ही बसलात की टोकं लांब, उठलात की परत चिकटली."

त्यांचा हात सवयीनं पक्कडीकडे जातो. तुटकं कापायचं, पीळ द्यायचा, वर टेप. पुतण्या हात धरतो. "अण्णा, परत तिथंच वाकणार, परत तुटणार. चार इंच जास्तीची वायर घालतो आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब नेतो." दोघं क्षणभर एकमेकांकडे बघतात. अण्णा पक्कड खाली ठेवतात. सोल्डर करणारा हात पुतण्याचा, बॅटरी धरणारा अण्णांचा. वर गरम करून आवळणारी नळी, मग वायरींना सैल वळण देऊन दोन टाय. कोड पुसतो. मी धपकन बसतो. ०.५८. आणखी जोरात. ०.५८.

पुतण्याला मागे बसवून मी त्या गतिरोधकावरून तीनदा जाऊन येतो. गाडी चालू राहते.

आता बिल. अण्णा बिलबुक मांडीवर घेतात. डावा रकाना : वायर, नळी, टाय, चाळीस रुपये. उजव्या रकान्याशी पेन थांबतं. मग ते लिहितात, दीडशे.

"अण्णा, दीड तास गेलाय," पुतण्या म्हणतो. "आणि हप्ता..."

"चाळीस रुपयांच्या सामानावर मजुरी किती लावणार?" अण्णा खरंच विचारतात. त्यांच्या हिशोबात मजुरी सामानाच्या सावलीत वाढते. मोठं सामान, मोठी मजुरी. सामानच नाही तर मजुरी उभी कशावर राहणार?

पुतण्या बिलबुक हातात घेतो. उजव्या रकान्याच्या पलीकडे, कोऱ्या समासात, पट्टी न लावता एक उभी रेघ ओढतो. वर लिहितो : तपासणी. खाली : ५००. एकूण सहाशे नव्वद.

अण्णा बिलाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. माझ्या खिशात आठ हजार सहाशेचा कागद घडी घालून ठेवलाय. सकाळपासून मी या शेडमध्ये बसून मजुरीचं अर्थशास्त्र समजून घेतोय. आणि तरी माझी जीभ टाळूला लागते, तोंड उघडतं, आतून शब्द तयार होऊन येतात : तपासणीचे निराळे कशाला? मी ते गिळतो.

"जास्त वाटतंय का?" अण्णा विचारतात.

"नाही," मी म्हणतो. थोडा उशिरा. तो उशीर त्यांच्या कानातून सुटत नाही. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला कान आहे तो.

मी कोड स्कॅन करून पैसे पाठवतो. मांडणीवरची पेटी खणखणीत आवाजात सहाशे नव्वद रुपये मिळाल्याचं सगळ्या गल्लीला सांगते. खुर्चीवर येऊन बसलेलं पुढचं गिऱ्हाईक मान वर करतं. "सहाशे नव्वद? काय काय टाकलंत गाडीत?"

अण्णा एकेक पाना फडक्यानं पुसून फळीवर लावतायत. दहा-अकराची रेघ रिकामी ठेवून ते पुढच्या रेघेत बारा-तेरा अडकवतात.

"काहीच नाही," ते म्हणतात.

तो माणूस माझ्याकडे बघतो, मग बिलावरच्या त्या तिसऱ्या रेघेकडे.